जनावर बाहेर निघू शकत नाही, ते तळं कशाचं?



आज पेरणी-फवारणीचं काही नाही. आज पाण्याबद्दल लिहितो, आणि थोडं कडक लिहितो. राग आला तर येऊ द्या, पण पूर्ण वाचा.

माझी मोठी बहीण नागपूरला इतवारीत दिली आहे. जुनं घर, समोर दुकान, मागं परस, परसात विहीर. आता ती विहीर जाळी टाकून बंद आहे आणि परसाची जागा उरली बारा बाय पंधरा फूट. भाच्यानं फोन केला, "मामा, मागं पक्ष्यांसाठी तळं करतो म्हणतो. शेततळ्याचा काळा कागद उरला असेल तर घेऊन या." सोबत एक व्हिडिओ पाठवला. निळी फायबरची टाकी, मधात कारंजं, रंगीत मासे, रात्री लाइट. दिसायला सुंदर. पण त्यात पक्षी कुठं उतरणार? काठ उभा, तळ गुळगुळीत, पाय टेकायला जागा नाही. मी म्हटलं, बाबू, ही तर पाण्याची पेटी झाली. तळं वेगळं असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. ज्या पाण्यात जीव चालत उतरतो आणि चालत बाहेर येतो, ते तळं. बाकी सगळ्या टाक्या. आणि आपण शेतकरी मंडळी गेली दहा वर्षं तळ्याच्या नावाखाली टाक्याच खोदत आहोत.

2016 मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना आली. योजना चांगली. पावसाचा खंड पडला की पऱ्हाटीला, तुरीला एक पाणी मिळालं तर पीक हाती लागते, हे मी कोणाला शिकवायची गरज नाही. पण त्याचं माप पाहा. वर 30 बाय 30 मीटर, खोली 3 मीटर, बाजूचा उतार एकास एक. म्हणजे 45 अंशाची भिंत. साध्या मातीची असली तर ढोराच्या खुराला थोडी तरी पकड मिळते. त्यावर 500 मायक्रॉनचा कागद अंथरला, त्याला शेवाळ धरलं, की माणूससुद्धा आधाराशिवाय वर येऊ शकत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या शिवारात अशा तळ्यात दोन रोही बुडाले. एक मादी होती, पोटात पिल्लू. कागदावर खुरांचे ओरखडे चारी बाजूंनी होते. रात्रभर ती गोल गोल फिरत राहिली असणार. रोही पीक खातात, आपण त्यांना शिव्या देतो, मीही देतो. पण असं मरण कोणाच्या वाट्याला येऊ नये. आणि रोह्याचं सोडा. दर उन्हाळ्यात पेपरात बातमी असतेच, शेततळ्यात पोहायला उतरलेली पोट्टी बुडाली. एक घसरला, दुसरा काढायला गेला, दोघंही गेले. पोहता येणारेही बुडतात, कारण काठ हाताला लागतो पण हातात येत नाही.

आता आपल्या जुन्या लोकांनी पाणी कसं अडवलं होतं ते पाहू. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि आपल्या नागपूर जिल्ह्याचा पूर्व भाग मिळून साडेसहा हजारांच्या वर मालगुजारी तलाव आहेत. लहान असला तर आपण त्याला बोडी म्हणतो. 1951 मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, गाळ काढणं थांबलं, ते दुखणं वेगळं. पण त्यांची रचना बघा. पाळ फक्त उताराच्या बाजूला. उरलेल्या तिन्ही बाजूंनी जमीन हळूहळू पाण्यात उतरते. कुठून पाणी सुरू झालं हे कळतही नाही. आधी ओलं गवत, मग घोटाभर पाणी, मग गुडघाभर, मग खोल.

याचा फायदा काय? दिवाळीपासून चैत्रापर्यंत पाणी मागं सरकत जाते आणि रोज नवीन ओला चिखल उघडा पडते. त्या चिखलात किडे, गोगलगायी, बारीक शिंपले. तिथं शेकाट्या येतात, तुतवार येतात, धोबी शेपटी हलवत फिरतात. घोटाभर पाण्यात बगळे, ढोकरी. तरंगत्या पानांवर कमळपक्षी चालतात. मधल्या खोल पाण्यात अडई आणि पाणकोंबड्या. एकाच तलावात चार खोल्या, प्रत्येकीत वेगळा भाडेकरू. आपल्या शेततळ्यात एकच खोली आहे आणि तिला दार नाही.

महाराष्ट्रात सारस पक्षी आता मुख्यतः गोंदियात आणि थोडे भंडाऱ्याकडं उरले आहेत. ते कुठं राहतात? धानाच्या बांधीत आणि अशाच उथळ बोडीच्या काठी. एवढा उंच पक्षी, पण त्याला पाणी लागते गुडघाभरच.

गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावकडं मनीष राजनकर आणि शालू कोल्हे यांनी ढिवर समाजाच्या लोकांसोबत जे काम केलं ते प्रत्येक शेतकऱ्यानं समजून घ्यावं असं आहे. तलावात बेशरम माजली होती, मासे कमी झाले होते. त्यांनी बेशरम उपटली, उन्हाळ्यात तलावाचा तळ नांगरला, आणि पावसाळ्याच्या तोंडावर देशी पाणवनस्पती आणून लावल्या. कोणत्या वनस्पतीत कोणता मासा अंडी घालते आणि कोणता पक्षी काय खाते हे ढिवर लोकांना पिढ्यानपिढ्या ठाऊक होतंच. मासे वाढले, पक्षी परत आले. यात यंत्र नाही, कारंजं नाही. तळाशी योग्य वनस्पती आणि काठाला योग्य उतार, बस.

आता इतवारीकडं येतो.

नागपूर हे तलावांचं गाव. बाजारांना वारांची नावं, इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, आणि शुक्रवारीला लागून शुक्रवारी तलाव, ज्याला जुम्मा तलाव आणि आता गांधीसागर म्हणतात. गोंड राजा चांद सुलतान याच्या काळातलं ते काम. इतवारीच्या जवळच नाईक तलाव आणि लेंडी तलाव. अतिक्रमणानं आणि सांडपाण्यानं त्यांची काय दशा झाली हे तिकडच्या लोकांना मी काय सांगू. उथळ काठ आधी बुजतो, कारण काठावर घर बांधणं सोपं. मधलं खोल पाणी तेवढं राहते, त्याला भिंत घालतात, वर रेलिंग लावतात. म्हणजे शहरातही तेच, तलावाची टाकी.

आम्ही उमरेडकडचे लोक इतवारीला छोट्या लाइनच्या गाडीनं यायचो. 2019 मध्ये ती बंद झाली. रुळाच्या बाजूला माती उचललेले लांब खड्डे होते, त्यात पाणी साचायचं. कुहीपासून इतवारीपर्यंत खिडकीतून बगळे मोजणं हाच लेकरांचा खेळ. ते खड्डे कोणी पक्ष्यांसाठी खोदले नव्हते. उथळ होते, त्यात गवत होतं, म्हणून पक्षी होते.

तर इतवारीतल्या बारा बाय पंधराच्या परसात तळं होते का? होते. भाच्याला मी जे सांगितलं तेच इथं लिहितो, कोणालाही कामी येईल.

जागा: दिवसाला पाच-सहा तास ऊन येईल अशी. कडुनिंबाच्या किंवा पिंपळाच्या अगदी खाली नको, पानं पडून सडतात.

माप: आठ बाय सहा फूट पुरे. काठ वाकडातिकडा ठेवा. एका बाजूनं शून्यापासून सुरू होऊन हळूहळू उतरणारा, फुटाला चार इंचांपेक्षा जास्त उतार नको. मग एक फूट खोलीची पायरी. मग एका कोपऱ्यात दोन फूट खोल जागा. ती खोल जागा महत्त्वाची. आपल्या मे महिन्यात पारा 45 च्या वर जाते, उथळ पाणी चहासारखं तापते, तेव्हा बेडूक आणि मासे खाली बसतात.

अस्तर: काळी माती ओली असली की फुगून पाणी धरते, पण वाळली की हातभर भेगा. त्यामुळं नुसत्या काळ्या मातीवर भरवसा नको. कागद वापरा, मी कागदाच्या विरोधात नाही. पण तो दिसता कामा नये. त्यावर चार-सहा इंच माती, वरून वाळू आणि गोटे. उथळ बाजूला खडबडीत चपटे दगड. चिमण्या, बुलबुल, मुनिया यांना आंघोळीला दीड-दोन इंच पाणी पाहिजे, त्याहून खोलात त्या उतरत नाहीत.

वनस्पती: तळाशी हायड्रिला, मधात एक कुमुदिनी, काठाला वेखंड आणि लव्हाळा. हो, लव्हाळा! वावरात आपण त्याच्या मागं जन्म घालवतो, तळ्याकाठी त्याला मान द्या. पण कुंडीसकट लावा, नाहीतर परस त्याच्या नावावर होईल. जलपर्णी दिसायला सुंदर, फुकट मिळते, ती अजिबात आणू नका. अंबाझरीत तिनं काय केलं ते पाहून या.

वाळकी फांदी: खोल बाजूवर एक वाळकी फांदी आडवी रोवा. खंड्या आधी बसतो, मग पाहतो, मग सूर मारतो. त्याला बसायला जागा नसली तर तो येणार नाही. चतुरसुद्धा पाण्यातून वर येऊन पंख वाळवायला अशीच काडी शोधतो.

आडोसा: एका बाजूला झुडूप, दुसरी बाजू चार-पाच फूट मोकळी. सगळीकडं झुडपं केली तर मांजर दबा धरून बसते.

मासे: रंगीत मासे सोडायचे असतील तर पेटीत ठेवा, घरात. तिलापिया, मांगूर तर नावच काढू नका. एकदा पावसात वाहून नाल्यात गेले की तलावातल्या देशी माशांचं वाटोळं. नाल्यातले चार बारीक देशी मासे पुरे, तेही नसले तरी चालते. बेडूक आणि चतुर यांना निमंत्रण लागत नाही, ते येतात.

पाणी: लोक पहिला प्रश्न हाच विचारतात. आठ बाय सहाच्या अशा तळ्यात साधारण तेराशे-चौदाशे लिटर पाणी मावते. उन्हाळ्यात दिवसाला एक सेंटिमीटर धरा, कधी थोडं जास्त, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस लिटर, तीन बादल्या. तुमचा खिडकीतला मोठा कूलर याहून जास्त पितो आणि त्याबद्दल कोणी हळहळत नाही. पाचशे चौरस फुटांच्या छपरावर आपल्याकडच्या पावसात चाळीस हजार लिटरच्या आसपास पाणी पडते. पाईप तळ्याकडं वळवा आणि तळ्याचं ओसंडलेलं पाणी जमिनीत मुरू द्या. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी ओसंडून नागपूरच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. एका परसातल्या तळ्यानं पूर थांबत नाही, हे मलाही कळते. पण सगळं शहर सिमेंट करून ठेवल्यावर पाणी जाईल तरी कुठं, हे कळायला परसातलं तळं चांगली शाळा आहे. नळाचं पाणी टाकायचं झालं तर एक-दोन दिवस उघड्या टाकीत ठेवून मग टाका. साबणाचं पाणी नको. जुन्या घरी न्हाणीचं पाणी अळवाला, केळीला, कर्दळीला जायचं, ते तिकडंच जाऊ द्या.

आता आक्षेप.

"मच्छर होतील." मच्छरचं अंडं ते उडणारा मच्छर, आठ-दहा दिवसांचा खेळ. तो कूलरमध्ये, टायरमध्ये, गच्चीवरच्या फुटक्या डब्यात होतो, कारण तिथं त्याला खाणारं कोणी नाही. जिवंत तळ्यात चतुराची पिल्लं, पाणकिडे, बारीक मासे हे सगळे मच्छरच्या अळ्या खातात. खरा धोका पहिल्या एक-दोन महिन्यांत, तळं स्थिरावेपर्यंत. तेवढे दिवस जाळीनं अळ्या काढा. आणि ज्यांना तळं शक्य नाही, ज्यांनी पाखरांसाठी नुसतं मातीचं भांडं ठेवलं आहे, त्यांनी आठवड्यातून दोनदा घासून पाणी बदलावं. तसं करणार नसाल तर भांडं ठेवू नका, पुण्यापेक्षा डेंग्यू जास्त होईल.

"साप येईल." बेडूक आले तर विरोळा येऊ शकतो. तो बिनविषारी आहे. विषारी साप घराजवळ येतो तो बहुतेक वेळा उंदरामागं, आणि उंदीर येतो सांडलेल्या धान्यामागं, विटांच्या-लाकडांच्या ढिगामागं. आधी तो ढीग उचला.

"लहान लेकरू पडलं तर?" हा आक्षेप खरा आहे. दोन फूट पाणी रांगत्या लेकराला पुरेसं खोल असते. त्यावर उपाय इतवारीतच आहे. लोहाओळीतून बारीक चौकटीची सळईची जाळी करून घ्या, पाण्याच्या वर पक्की बसवा, वाकणार नाही अशी. बेडूक-मासे खालून फिरतात, वनस्पती वर येतात, लेकरू खाली जाऊ शकत नाही. वरून बगळा त्याच जाळीवर उभा राहतो. तरी लेकरावर नजर पाहिजेच.

"पाखरं जमली तर पीक खातील." हे आमच्यातले लोक म्हणतात. मंडळी, हरभऱ्यावर घाटे अळी आली की कृषी विभाग काय सांगतो? हेक्टरी 20 ते 25 पक्षीथांबे लावा. का? कोतवाल, साळुंकी, बगळे अळ्या वेचतात म्हणून. पण नुसती काठी रोवून पाखरू येत नाही. जवळ पाणी पाहिजे. पाण्याशिवाय पक्षीथांबा म्हणजे पाहुण्याला पाट मांडला आणि तांब्या दिलाच नाही.

आता शेततळेवाल्यांना, म्हणजे माझ्याच भाऊबंदांना, हात जोडून तीन गोष्टी.

एक. ज्यांचं कागदाचं तळं आधीच आहे त्यांनी याच आठवड्यात चारही बाजूंनी जाड दोर सोडा, दोराला दर दोन फुटांवर गाठ किंवा टायर बांधा. एका कोपऱ्यात माती-वाळू भरलेल्या पोत्यांची पायरी पाण्यापर्यंत रचा, कागदाला टोक लागणार नाही अशी. खर्च पाचशे-हजार रुपये. माणूस वाचतो. कुंपण असलं तर दुरुस्त करा, नसलं तर घाला.

दोन. तळ्यापासून थोडं दूर, धुऱ्याजवळ, एक बशी करा. सात-आठ फूट रुंद, मधात फूटभर खोल, कडा जमिनीशी सपाट. वनखातं जंगलात पाणवठे असेच बशीसारखे बांधते, उगाच नाही. जनावराला सोपं पाणी बाहेर मिळालं तर ते कागदावर पाय ठेवायला जात नाही. उमरेड-कऱ्हांडलाच्या बाजूच्या शिवारांना तर हे फार गरजेचं. फवारणीचा पंप मात्र या बशीवर किंवा तळ्यावर कधी धुऊ नका. बेडूक कातडीनं पाणी ओढतो, विष आधी त्याला लागते.

तीन. जे नवीन खोदणार आहेत त्यांनी एका कोपऱ्यात तीनास एक उताराचा रपटा बाहेरच्या बाजूला काढून घ्या. 3 मीटर खोलीला 9 मीटर लांब, 3 मीटर रुंद. वरून माती-मुरूम किंवा दगड, नुसता कागद नको. मी हिशेब केला. 30 बाय 30 च्या तळ्याची खोदाई 2,196 घनमीटर. या रपट्याची जास्तीची खोदाई बाजूच्या कडा धरूनही त्याच्या दोन टक्क्यांच्या आत. जेसीबीचं तासाभराचं काम. साठा एक थेंब कमी होत नाही.

आणि हेच माझं सरकारकडं मागणं आहे. शेततळ्याच्या अंदाजपत्रकात इनलेट-आउटलेट लिहिलेलं असते, तसा रपटा लिहा. रपटा नसेल तर बिल निघणार नाही, असं करा. शेतकरी मुद्दाम सापळा खोदत नाही. तो जे माप दिलं ते खोदतो, कारण अनुदान मापावर मिळते. माप बदललं तर हजारो तळी आपोआप बदलतील. मोर्चा, भाषण काही लागणार नाही, नकाशात एक रेघ वाढवायची आहे.

शहरवाल्यांना मागणं वेगळं. तुमच्याकडं अनुदान नाही, सक्ती नाही, जागाही थोडी. पण इतवारीसारख्या भरगच्च वस्तीत एका परसात उथळ पाणी असलं तर चार गल्ल्यांतल्या चिमण्यांना ते पुरते. गल्लीत दोन घरांनी केलं तर पाखराला एकाकडून दुसऱ्याकडं जायची वाट होते. तेवढंही खूप आहे.

खोदायचं असेल तर आत्ताच खोदा. मृग लागायच्या आत खड्डा, अस्तर, माती, दगड झालं पाहिजे. पहिल्या पावसात पाणवनस्पती लावा. पोळ्यापर्यंत बेडूक बसलेले असतील, दिवाळीनंतर धोबी येतील.

आणि खोदून झालं की भरायच्या आधी स्वतः आत उतरा. हात न टेकता चालत बाहेर येता आलं, तरच पाणी सोडा.